तीन मिनिटांत मोडायचं, तर बनवायचं कशाला?

टीव्हीवरच्या रोबोंच्या झुंजींचा विषय निघाला की आपल्याकडे दोन पक्ष तयारच असतात. पहिल्याचं म्हणणं, हा निव्वळ तोडफोडीचा तमाशा आहे. लोखंडावर लोखंड आपटून ठिणग्या उडवायच्या आणि पोरांनी शिट्ट्या मारायच्या, यात विज्ञान कुठं आलं? दुसरा पक्ष तितक्याच तावातावाने सांगतो की यातूनच उद्याचे इंजिनिअर घडणार, मुलांना गणिताची गोडी लागणार, देश पुढे जाणार. पवईच्या आयआयटीत टेकफेस्ट या तंत्रमहोत्सवात रोबोवॉर झालं की त्याचे व्हिडिओ घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतात आणि काका विरुद्ध भाचे असा सामना रंगतो. काकांचा हुकमी सवाल ठरलेला: तीन मिनिटांत मोडायचं, तर बनवायचं कशाला? भाचे उत्तर देताना करिअरकडे पळतात आणि तिथंच खटला हरतात. काकांचा सवाल वाटतो त्यापेक्षा चांगला आहे. त्याला सरळ उत्तर द्यायला हवं.

माझं उत्तर असं. ही यंत्रं मोडण्यासाठीच बनवायची असतात आणि त्यांची किंमत त्यातच आहे. गॅरेजमध्ये, नोकरीधंदा सांभाळून, पदरचे पैसे घालून बनवलेली एक वस्तू चारचौघांत अशा माणसासमोर ठेवायची, ज्याला तुमची भीड बाळगायचं काहीही कारण नाही. आपल्या कामाची इतकी उघडी परीक्षा सामान्य माणसाच्या वाट्याला फार कमी वेळा येते. यातून इंजिनिअर घडले तर घडोत, नाही घडले तरी खेळ उणा ठरत नाही. आणि भांडायचंच असेल, तर या हौशी मंडळींचं टेलिव्हिजन काय करतं यावर भांडावं. तो मुद्दा दोन्ही पक्षांच्या गावीही नसतो.

आधी हा खेळ आला कुठून ते पाहू, कारण तो टीव्हीने जन्माला घातला असा सार्वत्रिक समज आहे. 1980च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डेन्व्हरमधली काही वल्ली मंडळी विज्ञानकथांच्या संमेलनात हातबनावटीची छोटी यंत्रं एकमेकांवर सोडत. सॅन फ्रान्सिस्कोत मार्क थॉर्प नावाचा गृहस्थ होता, ‘स्टार वॉर्स’वाल्या जॉर्ज ल्युकसच्या कंपन्यांमध्ये काम केलेला. तो घरच्या व्हॅक्यूम क्लीनरला रिमोट बसवण्याच्या खटपटीत होता. साफसफाई काही जमली नाही, पण यंत्रांची झुंज लावायची कल्पना त्यातून निघाली आणि ऑगस्ट 1994मध्ये फोर्ट मेसनच्या हॉलमध्ये पहिलं ‘रोबोट वॉर्स’ झालं. बीबीसीवर त्याच नावाची मालिका सुरू झाली ती 1998मध्ये. अमेरिकेत ट्रे रॉस्की आणि ग्रेग मन्सन या चुलतभावांनी 1999मध्ये लाँग बीचला ‘बॅटलबॉट्स’ची पहिली स्पर्धा घेतली आणि पुढच्या वर्षी ती कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर गेली. म्हणजे खेळ आधी, कॅमेरा नंतर. हा क्रम लक्षात असू द्या, पुढे त्याचं काम आहे.

हिंसेचा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. या कार्यक्रमांची भाषा पाहा. निवेदक बॉक्सिंगच्या रिंगणात उभा असल्यासारखा आरोळ्या ठोकतो, यंत्रांची नावं ऐकली तर एखादी दरोडेखोरांची टोळी वाटेल, दिवे लाल होतात, धूर सोडतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला यातून ‘फोडलं की जिंकलं’ एवढंच कळलं, तर दोष त्याचा नाही. पण मग हिंसा म्हणजे काय, ते नीट ठरवावं लागेल. महाराष्ट्राने बैलगाडा शर्यतींवर दीर्घ वाद घातला: 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी, 2017मध्ये राज्याची कायदादुरुस्ती, 2021च्या डिसेंबरात सशर्त परवानगी, 2023मध्ये घटनापीठाचा निकाल. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, त्या वादाला एक कणा होता: शर्यतीत एक मुका जीव आहे आणि त्याला वेदना होतात की नाही, हा प्रश्न. रोबोच्या झुंजीत तो जीव कुठं आहे? तुटतं ते पोलाद. हळहळतो तो ज्याने ते वेल्ड केलं तो, आणि तो स्वतःच्या मर्जीने आलेला असतो. हरतोय असं वाटलं तर हार कबूल करून झुंज थांबवण्याची मुभाही त्याला असते.

‘आज खेळ, उद्या शस्त्रं’ हा आक्षेप ड्रोनच्या या जमान्यात जास्त वजनदार वाटतो. त्याला माझ्यापेक्षा चांगलं उत्तर एका माणसाच्या आयुष्याने दिलं आहे. ब्रिटिश ‘रोबोट वॉर्स’मध्ये वर्षानुवर्षं पंचाच्या खुर्चीत बसलेले प्राध्यापक नोएल शार्की, हेच गृहस्थ स्वयंचलित शस्त्रांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेतले एक अग्रणी. रोबो-शस्त्रांवर नियंत्रण आणू पाहणारी समिती त्यांनी सहकाऱ्यांसोबत 2009मध्ये स्थापन केली, आणि 2016मध्ये मालिका परत आली तेव्हा तेच पुन्हा पंच म्हणून बसले. हा दुटप्पीपणा आहे का? मला वाटत नाही. शार्कींचा विरोध आहे तो माणसाला मारायचा निर्णय यंत्राच्या हाती सोपवण्याला. रिंगणातल्या यंत्रांमध्ये तो निर्णय पूर्णपणे रिमोट धरलेल्या माणसाचा असतो. पॉलिकार्बोनेटच्या भिंतीपलीकडे घामाघूम होऊन उभा असलेला तो माणूस सगळ्यांना दिसतो, आणि चूक झाली तर कुणाची झाली तेही सगळ्यांना दिसतं. युद्धातल्या यंत्रांबद्दल आपली तक्रार नेमकी याच्या उलटी आहे.

आता सर्वात भक्कम आक्षेप. मोडतोड न करताही हेच सगळं शिकता येतं आणि जग ते कधीपासून करतंय. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने 1988 साली रोबोकॉन ही रोबो बनवण्याची स्पर्धा सुरू केली, 2002पासून त्याची आशिया-पॅसिफिक स्पर्धा होते. हे आपल्या दारात घडलेलं आहे: 2008मध्ये ती स्पर्धा पुण्यात झाली आणि तिचा विषय चक्क गोविंदा होता. देशोदेशीच्या विद्यार्थ्यांचे रोबो उंचावरच्या मटक्यांतलं लोणी काढायला धडपडत होते. 2014मध्ये ती पुन्हा पुण्यात आली तेव्हा पालक-रोबो आपल्या बाळ-रोबोला झोक्यावर, सीसॉवर खेळवत होता. अमेरिकेत डीन केमन आणि एमआयटीचे वूडी फ्लॉवर्स यांनी शाळकरी मुलांसाठी ‘फर्स्ट’ ही चळवळ उभी केली, तिथं तर प्रतिस्पर्ध्याला मदत करणं हाच संस्कार मानला जातो. कल्पक, सुसंस्कृत आणि डोळ्यांना गोड. मग दहीहंडी फोडणारा रोबो असताना डोकं फोडणारा हवाच कशाला?

या स्पर्धांबद्दल मला आदर आहे, आणि शाळेने एकच निवडायची झाली तर मी रोबोकॉनच निवडायला सांगेन. पण दोन्हींत एक मूलभूत फरक आहे. रोबोकॉनमध्ये प्रश्नपत्रिका समिती काढते. मटकं किती उंचीवर, लोणी किती, वेळ किती, सगळं महिनोन् महिने आधी छापून आलेलं असतं. झुंजीत प्रश्नपत्रिका म्हणजे समोरचा माणूस, आणि तो तुमच्याइतकाच डोकेबाज असतो. तुम्ही काय बनवलंय ते पाहून तो रात्रीतून स्वतःचं यंत्र बदलतो. ब्रिटिश ‘रोबोट वॉर्स’च्या सहाव्या पर्वाची अंतिम लढत या खेळाच्या चाहत्यांमध्ये अजून वाद पेटवते. रेझर हा गतविजेता: हायड्रॉलिक ताकदीची एक बाकदार चोच, जी समोरच्याच्या पाठीत रुतली की पत्रा भोसकूनच बाहेर यायची. त्याच्यासमोर टॉर्नेडो आला तो अंगाभोवती लोखंडी सांगाडा लावून. चोच शरीरापर्यंत पोचूच नये एवढंच त्या सांगाड्याचं काम. दिसायला बेंगरूळ, प्रेक्षकांना रसभंग करणारा, पण नियमांत बसणारा. टॉर्नेडो जिंकला. ‘ही काय कुस्ती झाली?’ म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला विचाराल तर त्या पर्वातली ती सर्वात बुद्धिमान चाल होती. कोल्हापूरच्या खासबागेत जाणकार प्रेक्षक एकदम उठून उभा राहतो तो अशाच डावाला.

याचंच दुसरं टोक 2015चं. अमेरिकेत ‘बॅटलबॉट्स’ अनेक वर्षांनी परतलं होतं. कम्प्लीट कंट्रोल या संघाने रिंगणात येताना भेटवस्तूचं एक खोकं आणलं. समोरच्या घोस्ट रॅप्टर या रोबोचं फिरतं पातं त्या खोक्याला भिडलं आणि आतलं जाळं त्याच्याभोवती गुंडाळलं गेलं. पातं जागीच ठप्प. जाळी टाकणं जुन्या नियमांत निषिद्ध होतं, पण नव्या नियमावलीत ते कलमच राहून गेलं होतं, आणि संघाने ती फट अचूक हेरली होती. रिंगणाच्या कडेला पंच, आयोजक, स्पर्धक सगळे हातवारे करत भांडताहेत असं ते दृश्य. शेवटी लढत नव्याने घेतली, घोस्ट रॅप्टर जिंकला आणि जाळ्यांवर स्पष्ट बंदी आली. काहींना यात लबाडी दिसते. मला एक नियमपुस्तक जिवंतपणी वाढताना दिसतं. क्रिकेटमध्येही शरीरवेधी गोलंदाजी 1932-33च्या मालिकेत झाली, मगच तिच्यावर नियम आले ना? छापील आदर्श समस्येत असं घडू शकत नाही, कारण तिथं समस्येला स्वतःचा मेंदू नसतो.

शिवाय मोडण्याचंही एक ज्ञान असतं, ते न मोडता मिळत नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं की या यंत्रांना पाती आणि हातोडे संपवतात. प्रत्यक्षात बऱ्याच पराभवांचं कारण ऐकलं तर हसू येईल. एक कनेक्टर सुटला. एक स्क्रू थरथरीने मागे आला, कारण त्याला लॉकटाइट, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा गोंद, लावायचं राहून गेलं. मोटरच्या आतला चिकटवलेला मॅग्नेट धक्क्याने निखळला. पात्याचा धक्का समोरच्याला जेवढा बसतो तेवढाच उलटा स्वतःलाही बसतो, हे पुस्तकात न्यूटनच्या नावाने सगळेच वाचतात. पण आपल्याच पात्याच्या माऱ्याने आपलाच रेडिओ रिसीव्हर बंद पडल्यावर ते जसं डोक्यात शिरतं, तसं एरवी शिरत नाही. लढतीनंतर पिटमध्ये, म्हणजे संघांच्या दुरुस्तीच्या जागेत, जे चालतं ते खरं पाहण्यासारखं. झाकण उघडायचं तर स्क्रूंची डोकी घासून सपाट झालेली. मग ग्राइंडरने नव्या खाचा पाडायच्या. फुगलेली लिथियम बॅटरी आधी बाजूला न्यायची, कारण तिने पेट घेतला तर विझता विझत नाही आणि तो धूर छातीत गेलेला वाईट. वाकलेला शाफ्ट काढायला बेअरिंगवर हातोडी. आणि बऱ्याचदा शेजारचा संघ, ज्याच्याशी उद्या गाठ पडू शकते, तोच आपली जादा मोटर काढून देतो. ‘फर्स्ट’वाले जो संस्कार म्हणून शिकवतात, तो इथं कुणी न शिकवता चालतो. कॅमेरा मात्र त्यावर क्वचितच रेंगाळतो.

लोकांसमोर यंत्र मोडू देण्याला इतिहासही आहे, आणि तो चांगला घरंदाज आहे. 1829च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये रेनहिलला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेसाठी वाफेच्या इंजिनांची स्पर्धा भरली. बक्षीस 500 पौंड आणि बघायला हजारोंची गर्दी. एक ‘इंजिन’ तर चालत्या पट्ट्यावर घोडा चालवून धावणारं होतं, ते लवकरच बाद झालं. गर्दीचं लाडकं ‘नॉव्हेल्टी’ नावाचं इंजिन पाइप आणि सांधे फुटून बसलं. ‘सान्स पारेल’चं सिलिंडर तडकलं. स्टीफन्सनचं ‘रॉकेट’ हे इंजिन तेवढं परीक्षेला उतरलं. रेल्वेच्या संचालकांना हे बंद खोलीत अहवाल मागवूनही ठरवता आलं असतं. पण मग रॉकेटवर लोकांचा जो विश्वास बसला तो बसला असता का? बाकीची यंत्रं डोळ्यांदेखत नापास झाली, म्हणून रॉकेटचं चालणं खरं वाटलं. काकांच्या भाषेत तीही नासाडीच होती.

आता माझ्या बाजूच्या लोकांकडे वळतो. ‘यातून इंजिनिअर घडतात’ हे वाक्य सोडून द्या. एक तर ते सिद्ध करणं कठीण आहे. गाजलेली उदाहरणं तपासली तर अनेकदा गाडी घोड्याच्या पुढे जोडलेली दिसते: ब्लेंडो हा रोबो बनवणारा जेमी हाइनमन किंवा डेडब्लो बनवणारा दिवंगत ग्रँट इमाहारा हे झुंजीत उतरले तेव्हा सिनेमांसाठी यंत्रकरामती करणारे मुरलेले कारागीरच होते. झुंजीने त्यांना घडवलं नाही, त्यांनी झुंज घडवली. दुसरं, हा युक्तिवाद खेळाचा अपमान करतो. आपल्याकडे 1954पासून राज्य नाट्य स्पर्धा होते. बँकेतला कॅशियर, जिल्हा परिषदेतला शिक्षक, एसटीतला मेकॅनिक ऑफिस सुटल्यावर तालमीला जमतात, पडदे-लेव्हल्स स्वतः वाहून नेतात, एका प्रयोगासाठी दोन-तीन महिने घालवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कामावर असतात. त्या प्रयोगाचं समर्थन ‘यातून मालिकांना नट मिळतात’ एवढ्यावर केलं तर त्या कॅशियरला काय वाटेल? मिळतातही. पण तो त्यासाठी रंगमंचावर चढलेला नसतो. हौस ही कुठल्यातरी नोकरीची पायरी असलीच पाहिजे, ही कोचिंग क्लासवाली नजर आपण मुलांच्या प्रत्येक आवडीवर रोखतो, मग ती चित्रकला असो की बुद्धिबळ. निदान या एका खेळाला तरी तीतून सोडवावं.

पैशाचा आक्षेप मात्र मला खरा वाटतो, आणि याच बाबतीत समर्थक सर्वात जास्त सारवासारव करतात. ‘बॅटलबॉट्स’मधला रोबो 250 पौंडांचा, म्हणजे सुमारे 113 किलोचा. टायटॅनियम, चिलखती दर्जाचं पोलाद, ब्रशलेस मोटरी आणि सगळ्याचे सुटे भाग दुप्पट, कारण एका लढतीत अर्धं यंत्र जाऊ शकतं. हे आता एकट्याच्या गॅरेजचं काम राहिलेलं नाही. प्रायोजक लागतो, सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं धातूकामाचं मशीन असलेला मित्र लागतो. त्यात सगळी यंत्रं एकसारखी होऊ लागली आहेत. पंच गुण देतात ते नुकसान, आक्रमकता आणि नियंत्रण यांवर, आणि सर्वात जास्त भार नुकसानाला. मग उभं फिरणारं जड पातं लावण्यावाचून शहाणा माणूस दुसरं काय करेल? पॉल व्हेंटिमिलियाचा बाइट फोर्स 2015मध्ये विजेता ठरला तेव्हा समोरच्याला पकडून उचलणारा, साखळपट्ट्यांवर चालणारा देखणा रोबो होता. 2018मध्ये तो उतरला तो चाकांवर आणि उभं पातं लावून. पुन्हा जिंकला, 2019मध्येही जिंकला. हवा कुठल्या दिशेने वाहते आहे, ते याहून स्पष्ट कसं दिसणार? कार्लो बर्टोचिनीच्या बायोहॅझार्डने तर एकेकाळी सपाट अंगातून अलगद वर येणाऱ्या एका हाताच्या जोरावर अनेक विजेतेपदं मिळवली होती. ते सौंदर्य आता दुर्मीळ झालंय, हे कबूल.

पण यावरचा इलाज झुंज बंद करणं नव्हे, आणि इलाज खेळाच्या आतूनच निघतोय. उभ्या पात्यांचं राज्य आलं तेव्हा ह्यूज नावाचा रोबो आला: दोन अवाढव्य प्लास्टिकची चाकं आणि यंत्राचं धड त्यांच्या मधोमध, इतक्या उंचावर की खालून येणारं पातं तिथवर पोचतच नाही. पोचतं ते चाकांपर्यंत, आणि ते प्लास्टिक मार खाऊनही फिरत राहतं. दिसायला हास्यास्पद, पण भल्याभल्यांची झोप उडवणारा. पुढे जेमिसन गो याचा सॉब्लेझ हा रोबो विजेता ठरला, त्याचं हत्यार हलत्या हाताच्या टोकाला लावलेली करवत. खर्चाचं उत्तर आणखी खालच्या पातळीवर आहे. ब्रिटनमध्ये 150 ग्रॅमचे, दीड किलोचे वजनगट आहेत. अमेरिकेत नॉर्वॉकची लीग 3, 12 आणि 30 पौंडांच्या लढती थेट इंटरनेटवर दाखवते. 150 ग्रॅमचा रोबो म्हणजे थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं अंग आणि खेळण्यातल्या गाडीएवढी बॅटरी. डाव तेच, भौतिकशास्त्र तेच. टीव्हीला हे गट नकोत, कारण पडद्यावर ठिणग्या लहान दिसतात. म्हणजे खर्चाचा खरा गुन्हेगार कोण, खेळ की पडदा?

सुरक्षेबद्दल फार वाद घालण्यासारखं नाही, काळजी घेण्यासारखं मात्र भरपूर आहे. 1995मध्ये ब्लेंडोने प्रतिस्पर्ध्यांचे तुकडे भिंतीवरून प्रेक्षकांकडे उडवले, तेव्हा आयोजकांनी त्याला सहविजेता घोषित करून स्पर्धेबाहेर ठेवलं. 1903ची पॅरिस-माद्रिद मोटारशर्यत अपघातांत इतकी माणसं मेल्यावर बोर्दोला थांबवावी लागली होती; त्यानंतर उघड्या रस्त्यांवरची शर्यत आक्रसत गेली, पण मोटारशर्यत संपली नाही, ती बंदिस्त ट्रॅकवर गेली. आज ‘बॅटलबॉट्स’सारख्या स्पर्धांत पात्याच्या टोकाचा वेग ताशी 250 मैलांपलीकडे नेता येत नाही आणि लढत पूर्ण बंद पेटीत होते. आपल्या कॉलेजांच्या स्पर्धांमध्ये जाळी आणि बांबू लावून रिंगण उभं करण्याचा मोह कुणाला होत असेल, तर तिथं मात्र काकांच्या बाजूने मीही उभा राहीन.

आणि आता टेलिव्हिजन. वाहिनी नसती तर पुण्या-नाशकातल्या पोराला हा खेळ कळलाच नसता, हे मान्य. पण वाहिनीने काय घेतलं आणि काय दिलं, याचा हिशेब कोण मांडतं? थॉर्पचंच घ्या. त्याने एका रेकॉर्ड कंपनीशी भागीदारी केली, भागीदारीचं भांडण कोर्टात गेलं, अमेरिकेतली त्याची स्पर्धा 1997नंतर बंद पडली आणि खेळाचा जनक दिवाळखोरीपर्यंत पोचला. कॉमेडी सेंट्रलने ‘बॅटलबॉट्स’ची स्पर्धा विनोदी कार्यक्रमांच्या रांगेत बसवली. महिनोन् महिने वेल्डिंग केलेल्या माणसाला मॉडेलच्या शेजारी उभं करून त्याची थट्टा हे तिथं ‘मनोरंजन’ होतं. ब्रिटनमध्ये तर निर्मात्यांनी स्वतःचे अवजड ‘हाउस रोबो’ रिंगणात ठेवले होते. दोन हौशी माणसांची लढत संपायची, हरलेला मोजून बाद व्हायचा, आणि मग हे धटिंगण त्या निपचित यंत्राला कापायचे, जाळायचे. जमिनीतला फ्लिपर त्याला हवेत भिरकावायचा. हिंसेचे टीकाकार बोट दाखवतात ते बहुधा याच दृश्याकडे. पण ते स्पर्धकांनी मागितलेलं नव्हतं, कार्यक्रमाने बसवलं होतं. कुस्तीत चितपट झालेल्या पैलवानाला आयोजकांची माणसं येऊन तुडवत असतील, तर दोष कुस्तीचा की आयोजकांचा?

वाहिनीला हा खेळ केव्हाही टाकून देता येतो, आणि तिने तो टाकलाही. कॉमेडी सेंट्रलने 2002मध्ये, बीबीसीने त्याच सुमारास. मग 2016मध्ये परत आणून 2018मध्ये पुन्हा. मधल्या काळात काय झालं? अमेरिकेत 2002 ते 2015 ही तेरा वर्षं राष्ट्रीय वाहिनीवर ‘बॅटलबॉट्स’ नियमितपणे नव्हतं, तरी खेळ मेला नाही. जत्रांच्या मंडपांत, कॉलेजच्या जिममध्ये, रोबोगेम्ससारख्या मेळाव्यांत लोक आपापल्या खर्चाने लढत राहिले. ब्रिटनमध्ये स्पर्धकांनीच संघटना चालवून सुरक्षेचे नियम जपले. ब्राझीलमधल्या रिओच्या विद्यापीठाच्या संघाने आपलं सगळं ज्ञान एका जाडजूड मार्गदर्शिकेत घालून फुकट वाटलं. वाहिनी परतली तेव्हा तिला तयार यंत्रं, तयार चालक आणि तयार नियम आयते मिळाले. कुणाची गरज कुणाला जास्त आहे, याचा पुरावा यापेक्षा काय हवा?

म्हणून आपल्याकडे उद्या कुठल्या वाहिनीने किंवा ओटीटीवाल्याने रोबोवॉरचा मराठी-हिंदी कार्यक्रम काढायचं ठरवलं, तर कॉलेजच्या संघांनी ‘टीव्हीवर दिसणार’ या आनंदात सही ठोकू नये. दूरदर्शनने रोबोकॉन दाखवताना निदान स्पर्धेची घडी मोडली नव्हती; खासगी निर्माता तेवढं भान ठेवेल याची खात्री नाही. रोबोचं नाव, आराखडा आणि खेळणी विकली तर त्यांतला वाटा बनवणाऱ्याचा, हे करारात लिहून घ्यावं. मोडलेल्या भागांचा खर्च निर्मात्याने द्यावा. ठिणग्या त्याला हव्या आहेत, तर पोलादाचं बिलही त्याचंच. विमा आणि बॅटरीच्या आगीची व्यवस्था कागदावर दिसल्याशिवाय यंत्र पेटीतून बाहेर काढू नये. हरलेल्या रोबोला कुणीही हात लावायचा नाही. दीड किलोचा गट पहिल्या पर्वापासून हवा, म्हणजे सांगलीच्या पॉलिटेक्निकमधल्या पोरालाही प्रायोजकाशिवाय उतरता येईल. आणि तीन मिनिटांची लढत न कापता दाखवायची, तिच्यामागची पिटमधली रात्रही.